रात्री पावणेनऊला ‘गुड इव्हनिंग’च

वाचकाचे पत्र :

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरी आम्ही तेलुगू बोलतो, शिक्षण मात्र पहिल्यापासून मराठी माध्यमात झाले. बी. कॉम. झाल्यावर अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याच्या निर्यात विभागात मला नोकरी मिळाली. नमुने पाठवणे, कागदपत्रे तयार करणे, माल कुठवर पोहोचला याचा पाठपुरावा करणे, ही कामे मला नीट जमतात. मागच्या महिन्यात जर्मनीहून एक खरेदीदार आले. मुंबईहून त्यांची गाडी पोहोचेपर्यंत रात्रीचे पावणेनऊ झाले होते. हॉटेलच्या दारात पुष्पगुच्छ देताना मी त्यांना ‘गुड नाईट, सर’ म्हणाले. ते क्षणभर थबकले आणि हसून ‘गुड इव्हनिंग’ म्हणाले. मालकांच्या मुलाने दुसऱ्या दिवशी हा किस्सा सगळ्या ऑफिसला ऐकवला. तेव्हापासून पाहुण्यांसमोर तोंड उघडायची धास्तीच बसली आहे. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी काय म्हणावे? संध्याकाळ नेमकी केव्हा सुरू होते? फोनवर आपली वेळ धरायची की त्यांची? ई-मेलमध्ये काय लिहायचे? स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? आणि परदेशी पाहुण्याला आपला नमस्कार केला तर चालतो का?

– एक वाचक, सोलापूर

उत्तर :

आपले पत्र वाचले. त्या रात्री नेमके काय घडले ते आधी पाहू, कारण आपल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्यातच आहेत. शाळेच्या तक्त्यावर उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य, मावळता सूर्य आणि चंद्र अशी चार चित्रे असतात आणि त्यांच्याखाली चार अभिवादने ओळीने छापलेली असतात. तो तक्ता पाहणाऱ्याला चौथे अभिवादन हे पहिल्या तिघांचेच भावंड वाटणार. त्यात आपण मराठीत ‘संध्याकाळचे सात’ म्हणतो, पण ‘रात्रीचे आठ’ आणि ‘रात्रीचे नऊ’ म्हणतो, त्यामुळे पावणेनऊला रात्र झालेली असताना ‘गुड नाईट’ तोंडात येणे अगदी साहजिक आहे. मात्र ‘गुड नाईट’ हे भेटीचे अभिवादन नाही. तो निरोप आहे. माणूस निघताना, झोपायला जाताना किंवा रात्रीचा फोन ठेवताना तो घेतला जातो. गाडीतून उतरलेल्या पाहुण्याला दारातच ‘गुड नाईट’ म्हटले, तर ‘बरंय, आता या’ असे म्हटल्यासारखे होते, आणि ते गृहस्थ थबकले ते यामुळेच. त्यांच्या स्वतःच्या भाषेतही हाच भेद आहे. संध्याकाळी व रात्री भेटल्यावर जर्मन माणूस ‘गुटन आबेंट’ म्हणतो आणि झोपायला जाताना ‘गुटे नाख्ट’ म्हणतो. त्यामुळे आपली चूक कुठे झाली हे त्यांना लगेच कळले असणार, आणि त्यांनी योग्य शब्द उच्चारून ती सभ्यपणे सावरूनही घेतली.

तेव्हा संध्याकाळ सुरू झाल्यानंतर कोणीही भेटले, मग रात्रीचे आठ असोत, दहा असोत किंवा लग्नाच्या रिसेप्शनमध्ये साडेदहाला उशिरा पोहोचलेला पाहुणा असो, भेटताना ‘गुड इव्हनिंग’च म्हणावे. लोक जागे आहेत, भेटीगाठी सुरू आहेत, तोवर इंग्रजीतली इव्हनिंग संपत नाही. त्याच पाहुण्याला जेवण आटोपून खोलीकडे पाठवताना मात्र ‘गुड नाईट, सी यू टुमॉरो’ म्हणावे. तिथे तो शब्द चपखल बसतो.

हा घोटाळा होण्यामागे आणखी एक कारण आहे. आपल्या सोलापुरात अभिवादन कोणी घड्याळाकडे पाहून करत नाही, समोरच्या माणसाकडे पाहून करतो. पार्क चौकात जुना मित्र दिसला तर ‘काय बे’ एवढे पुरते. कारखानदार समोर आले तर आपण ‘नमस्कार, मालक’ म्हणतो. कोणाला राम राम, कोणाला जय भीम, कोणाला सलाम. सिद्धेश्वराच्या देवळाकडे निघालेल्या कन्नड आजोबांना ‘शरणु शरणार्थी’. आणि आपल्या पूर्व भागात ‘नमस्कारम्’. यांपैकी कोणताही शब्द सकाळी बरोबर आणि रात्री चूक ठरत नाही; चुकलाच तर माणूस ओळखण्यात चुकतो. इंग्रजीच्या औपचारिक अभिवादनात माणसाची जात, धर्म, गाव यांचा प्रश्न येत नाही, पण दोन गोष्टी पाहाव्या लागतात : आपण भेटतो आहोत की निरोप घेतो आहोत, आणि घड्याळात किती वाजले आहेत. चार-चार भाषांत माणसे ओळखून बोलणाऱ्या मुलीला या दोन गोष्टी अवघड जाण्याचे काही कारण नाही.

आता बारा वाजून दहा मिनिटांचा प्रश्न. घड्याळात बारा वाजले की मॉर्निंग संपते आणि आफ्टरनून सुरू होते. औपचारिक प्रसंगी हा नियम काटेकोरपणे पाळला जातो. अकरा एकोणसाठला ‘गुड मॉर्निंग’, बारा वाजून एका मिनिटाने ‘गुड आफ्टरनून’. कोणी सव्वाबाराला ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले तर आभाळ कोसळत नाही. पुष्कळ इंग्रज माणसे जेवण होईपर्यंत सकाळच धरतात. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये प्रतिष्ठित घरांतल्या बायका ज्या भेटींना ‘मॉर्निंग कॉल’ म्हणत, त्या प्रत्यक्षात दुपारी होत असत. म्हणजे दुपारी तीनलाही सकाळच! आपण मात्र आज घड्याळच प्रमाण मानावे. ‘गुड नून’ असे अभिवादन इंग्रजीत रूढ नाही. आपल्याकडच्या काही कार्यक्रमांत सूत्रसंचालक ते बिनदिक्कत वापरतात, पण आपण त्या वाटेला जाऊ नये.

संध्याकाळची सुरुवात बाराच्या ठोक्याइतकी पक्की नाही. पाच ते सहाच्या दरम्यान ‘गुड आफ्टरनून’ मागे पडते आणि ‘गुड इव्हनिंग’ सुरू होते. पाचच्या आधी आफ्टरनून आणि सहानंतर इव्हनिंग असे धरले तर चूक होणार नाही. मधल्या तासाभरात दोन्ही चालतात, समोरच्याने जे म्हटले तेच परत म्हणावे. येथे सूर्याच्या भरवशावर मात्र राहू नये. सोलापुरात जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि नोव्हेंबरअखेर पावणेसहाच्या आसपास, म्हणजे फरक सव्वा तासाचा. उन्हाळ्यात साडेसहाला ऑफिसबाहेर अजून झळा लागत असतात, तरी अभिवादन ‘गुड इव्हनिंग’ हेच. लंडनची तऱ्हा तर पाहण्यासारखी आहे. तेथे जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारच्याही आधी. तरी जूनमध्ये संध्याकाळी सातच्या लख्ख उन्हात तिथला माणूस ‘गुड इव्हनिंग’ म्हणतो आणि डिसेंबरमध्ये सव्वाचारला रस्त्यावरचे दिवे लागलेले असताना बहुधा ‘गुड आफ्टरनून’च म्हणतो. उजेड-अंधारापेक्षा घड्याळाचे वजन तिथे जास्त आहे.

आपल्या कारखान्यात रात्रपाळी चालत असेल, तर मध्यरात्रीनंतरचा प्रश्नही पडेल. रात्री अकराला पाळीवर आलेल्या परदेशी तंत्रज्ञाला ‘गुड इव्हनिंग’ म्हणावे. एक-दोन वाजता भेटला तर नुसते ‘हॅलो’ बरे. पहाटे पाचपासून ‘गुड मॉर्निंग’.

फोनचा प्रश्न आपण अगदी योग्य विचारला आहे, कारण निर्यात विभागात खरी अडचण तिथेच येते. अभिवादन ऐकणाऱ्यासाठी असते, म्हणून घड्याळही त्याचेच धरावे. यासाठी काही आकडे टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवावेत. भारताची प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असते आणि ती वर्षभर बदलत नाही. युरोप-अमेरिकेतली घड्याळे मात्र वर्षातून दोनदा सरकतात. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे होतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे येतात. त्यामुळे जर्मनी हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन तास. इंग्लंड हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास मागे. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे येतात की अमेरिकेचे घड्याळ सरकलेले असते आणि युरोपचे नसते. दोन्हीकडच्या खरेदीदारांना एकाच दिवशी फोन करायचा असेल, तर त्या आठवड्यांत खास लक्ष ठेवावे.

एक उदाहरण घेऊ. समजा, दर बुधवारी दुपारी चार वाजता आपण जर्मनीतल्या त्याच खरेदीदाराला फोन करता. जानेवारीत आपले चार म्हणजे त्यांचे साडेअकरा, म्हणून ‘गुड मॉर्निंग’. एप्रिलमध्ये आपले चार म्हणजे त्यांचे साडेबारा, म्हणून ‘गुड आफ्टरनून’. फोन तोच, खुर्ची तीच, समोर टॉवेलच्या जीएसएमचा (दर चौरस मीटरमागे किती ग्रॅम वजन, याचा) तोच कागद, आणि अभिवादन मात्र बदलले. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजले असताना न्यूयॉर्कला फोन लावला, तर तिकडे ऋतूप्रमाणे सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा असतात, तेव्हा खिडकीबाहेरच्या काळोखाकडे दुर्लक्ष करून ‘गुड मॉर्निंग’च म्हणावे. उलट त्यांनी आपली वेळ लक्षात ठेवून ‘गुड इव्हनिंग’ म्हटले, तर गोंधळू नये. ते आपल्या घड्याळाचा मान ठेवत आहेत. ‘गुड इव्हनिंग टू यू, अँड गुड मॉर्निंग फ्रॉम अस’ असे दोन्हीकडून म्हणण्याची रीतही पुष्कळ आहे, आणि व्हिडिओ बैठकीत चार देशांतले लोक असतील तर ‘हॅलो, एव्हरीवन’ सर्वांत सोयीचे.

फोन अचानक वाजला आणि पलीकडे कोण आहे, कुठून बोलतो आहे हे माहीत नसेल, तर ‘हॅलो’ म्हणून कारखान्याचे नाव व आपले नाव सांगावे. या शब्दाचा जम बसला तोच मुळी टेलिफोनमुळे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट मिळाले; फोनवर ‘अहॉय’ ही खलाशांची हाक द्यावी असे त्यांचे मत होते. थॉमस एडिसन यांनी १८७७ मधल्या एका पत्रात ‘हॅलो’ सुचवला, आणि जगाने एडिसन यांचे ऐकले. ना सकाळ, ना संध्याकाळ, ना हुद्दा. तारेच्या पलीकडे कोण आहे हे दिसत नसताना असाच शब्द सोयीचा. आपल्या राज्यात २०२२ च्या गांधी जयंतीपासून सरकारी कर्मचाऱ्यांनी ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे, असा शासन निर्णय निघाला होता. खासगी कारखान्याच्या निर्यात विभागाने त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

‘हाय’ हा शब्द ओळख जुनी झाल्यावर ठीक. पहिल्या भेटीत ‘हॅलो’ किंवा वेळेचे अभिवादन बरे. ‘गुड डे’पासून मात्र चार हात दूर राहावे. ऑस्ट्रेलियात त्याचे आखूड रूप भेटताना मोकळेपणाने वापरतात, पण इंग्लंड-अमेरिकेत ‘गुड डे’ जुनाट वाटते, आणि बोलण्याच्या शेवटी तुटकपणे म्हटले तर ‘आता विषय संपला’ असा त्याचा सूर लागतो. दिवसा निरोप देताना ‘हॅव अ गुड डे’ म्हणावे. तेच आपल्याला कोणी म्हटले तर ‘थँक यू, यू टू’ एवढे उत्तर पुरेसे आहे.

ई-मेलची गोष्ट सोपी आहे. आपण पत्र दुपारी चारला धाडतो, पण ते वाचणारा कदाचित दुसऱ्या दिवशी सकाळी वाचेल, म्हणून वेळेचे अभिवादन तिथे नसले तरी चालते. ‘डिअर मिस्टर’ आणि पुढे आडनाव, किंवा ओळख असेल तर ‘हॅलो’ आणि पुढे नाव, एवढे लिहून कामाचे बोलावे. ‘रिस्पेक्टेड सर’ ही सुरुवात आपल्याकडच्या अर्जांतून आली आहे. परदेशी खरेदीदाराला ती अवघडल्यासारखी वाटते. ‘मिस्टर’नंतर नेहमी आडनाव येते, पहिले नाव कधीच नाही. ही चूक बोलण्यातही फार होते, आणि माझ्या मते अभिवादनाची वेळ चुकण्यापेक्षा ती जास्त खटकते. पाहुण्याच्या कार्डावर आडनाव कोणते हे आदल्या दिवशीच पाहून ठेवावे.

आता आपण न विचारलेल्या दोन-तीन गोष्टी, कारण पुढची ठेच तिथेच लागण्याचा संभव आहे. अभिवादनानंतर लगेच ‘हाऊ आर यू?’ येते. ते आपल्या ‘जेवण झालं का?’सारखे आहे, विचारणाऱ्याला आपण काय जेवलो याची यादी नको असते. ‘फाईन, थँक यू. अँड यू?’ म्हणून पुढे जावे. दुसरे असे की, एकदा सकाळी ‘गुड मॉर्निंग’ झाले की त्याच माणसाला दिवसभर पुन्हा-पुन्हा म्हणत बसू नये. आपल्या कार्यालयांत साहेब जिन्यावर तीनदा दिसले तर तीनदा ‘गुड मॉर्निंग, सर’ होते. परदेशी पाहुण्याला ते चमत्कारिक वाटते. दुसऱ्यांदा समोर आले की किंचित मान लववून हसावे, तेवढे पुष्कळ झाले. ‘अ व्हेरी गुड मॉर्निंग टू वन अँड ऑल’ हे स्नेहसंमेलनाच्या मंचासाठी राखून ठेवावे.

उच्चाराबद्दलही थोडे सांगायला हवे. वर्गात पन्नास मुले एका सुरात ‘गुऽऽड मॉर्निंग, टीऽऽचर’ म्हणतात, आणि तो सूर मोठेपणीही जिभेवरून जात नाही. इंग्रजीत जोर ‘गुड’वर नसतो, तो ‘मॉर्’वर असतो, ‘गुड’ हलकेच उच्चारून पुढे जावे. ‘आफ्टरनून’मध्ये जोर शेवटच्या ‘नून’वर. ‘इव्हनिंग’ लिहिताना मराठीत तीन तुकडे दिसतात, पण बोलताना ‘ईव्‌-निंग’ असे दोनच करावेत. आरशासमोर आठवडाभर, रोज कामावर निघण्याआधी दोन मिनिटे सराव केला तरी फरक पडेल. रात्रीच्या स्वागताचे वाक्यही असेच घोटून ठेवावे : ‘गुड इव्हनिंग’, मग मिस्टर आणि आडनाव, ‘वेलकम टू सोलापूर, आय होप यू हॅड अ गुड जर्नी’. पुष्पगुच्छ द्यायचा तो हे बोलून झाल्यावर, बोलता-बोलता नाही. हात गुंतले की शब्द अडखळतात.

केवळ एवढ्यासाठी क्लास लावू नये. पत्रव्यवहार, दराची बोलणी, तक्रारींची उत्तरे यांसाठी इंग्रजी वाढवायचे असेल तर तो वेगळा विचार आहे आणि त्यासाठी अवश्य क्लास करावा. पण ‘साठ दिवसांत फाडफाड इंग्रजी’च्या फलकाला भुलून चार अभिवादनांसाठी हजारो रुपये भरण्यात अर्थ नाही. मालकांच्या मुलाचे म्हणाल, तर खरेदीदाराने जी गोष्ट दारातच हसून मिटवली, ती दुसऱ्या दिवशी ऑफिसभर नेणे त्यांना शोभले नाही. त्यांच्याशी वाद घालू नये. मात्र पुढच्या स्वागताची जबाबदारी आपण स्वतःहून मागून घ्यावी, कारण भीतीने मागे सरलात तर ते काम दुसऱ्याकडे जाईल आणि पाहुण्यांशी होणारी ओळखही त्याच्याकडेच जाईल.

नमस्कार चालतो का, तर उत्तम चालतो. पाहुणा भारतात आला आहे आणि सोलापूरची चादर, टॉवेल पाहायला आला आहे. त्याने हात जोडलेले पाहिले तर त्याला आनंदच होतो, आणि हस्तांदोलन करावे की नाही हा पेचही सुटतो. आधी हात जोडून ‘नमस्कार’, लगेच वेळेप्रमाणे इंग्रजी अभिवादन, आणि त्यांनी हात पुढे केला तर आपणही करावा. इथे एकच पथ्य पाळावे : पुष्पगुच्छ आधी शेजारच्या सहकाऱ्याच्या हाती द्यावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील.